तळपदे बाईंचा पहिला प्रश्न

आमच्या कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी मोडकी बाकं टाकलेली असायची, तिथे आता एक निळी खोली आहे. दारावर पाटी आहे, 'ताणमुक्ती कक्ष'. आत बसकण मारायला दोन गुबगुबीत गाद्या, कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू आणि भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर. पोस्टरवर परीक्षेची भीती घालवण्याचे दहा उपाय छापलेत. त्यातला पहिला असा : 'परीक्षेला येण्यापूर्वी काहीतरी खा.' उद्घाटनाला बाहेरून एक समुपदेशक बोलावले होते. त्यांनी हे वाक्य पडद्यावर दाखवलं तेव्हा आमच्या उपप्राचार्य सामंतांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. त्यांच्या पाठोपाठ मी वाजवली.

हेच वाक्य एका बाईंनी आमच्याच कॉलेजात वर्षानुवर्षं प्रश्न करून विचारलं होतं आणि त्याबद्दल आम्ही त्यांची चौकशी केली होती. त्यांचं नाव तळपदे. परळच्या आमच्या कॉलेजात त्या कॉमर्सच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवत. त्या चौकशीच्या अहवालावर पहिली सही माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे साळसूदपणा करायला लागलो तर वाचणाऱ्याला माझं नाटक ओळखता येईल.

बाई ठाकुरद्वारच्या. जुनं पाठारे प्रभू घराणं, आजोबा कोर्टात मोठ्या हुद्द्यावर, पण वाड्याबिड्याच्या गोष्टी त्यांनी एकदाही सांगितल्या नाहीत. घराण्याची एकच खूण त्या बाळगून होत्या, ती म्हणजे डब्यातलं भानोलं, कोबी-कोलंबीची भाजलेली खमंग वडी. ते स्टाफरूममध्ये सगळ्यांपुढे फिरायचं, पण 'कसं झालंय?' असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. उंच, काटक, घड्याळ उजव्या हाताला आणि तेही तबकडी आत करून. आवाज खरखरीत. लाघवी वगैरे अजिबात नव्हत्या. एका मुलाने शिक्षकदिनाच्या भाषणात 'मॅडम आम्हाला आईसारख्या आहेत' असं म्हटलं, तर बाई जागेवरूनच म्हणाल्या, "आई आहे रे तुझी घरी. मी शिकवायला येते."

वर्गात गेल्यावर त्या आधी नवा खडू घेऊन त्याचे दोन तुकडे करत. मला वाटायचं, काटकसर. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अख्खा खडू फळ्यावर करकरतो, रेगे. आधीच घाबरलेल्या पोरांना तो आवाज कशाला ऐकवायचा?" मी तोवर सतरा वर्षं शिकवत होतो आणि अख्खा खडू वापरत होतो.

संख्याशास्त्राची भीती ही काय चीज आहे, हे ज्याने आमच्यासारखं कॉलेज पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. आमच्याकडची निम्मी मुलं मराठी शाळांतून आलेली. लालबाग, चिंचपोकळी, भोईवाडा इथली. दहावीला गणित कसंबसं सुटलं म्हणून कॉमर्सला आली, तर इथे पहिल्याच वर्षी हे इंग्रजी पुस्तक पुढ्यात. सूत्र पाहिलं की चांगली हुशार पोरगी दगड होऊन बसते. आम्ही बाकीचे काय करायचो? 'टेन्शन घेऊ नका, सोप्पं आहे' असं म्हणून मोकळे व्हायचो. ही दोन्ही वाक्यं बाईंच्या वर्गात बंद होती. "टेन्शन काय बाजारात मिळतं, घ्यायला?" असं त्या विचारत. आणि 'सोपं आहे' म्हणणाऱ्या मास्तरावर तर त्यांचा भयंकर राग. "ज्याला ते येत नाही त्याला तुम्ही तोंडावर गाढव म्हणताय," असं त्यांनी मला एकदा भर स्टाफरूममध्ये सुनावलं.

त्यांच्या तासानंतर त्याच वर्गात माझा वाणिज्याचा तास असायचा. स्टाफरूमचा पंखा नादुरुस्त, म्हणून मी दहा-पंधरा मिनिटं आधीच जाऊन त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचो. त्यामुळे फुकटात पुष्कळ ऐकायला मिळालं.

जूनमधला पहिला तास. बाई आल्या, खडू मोडला आणि म्हणाल्या, "कोणाकोणाच्या पोटात गोळा आलाय, हात वर करा." एकही हात वर नाही. मग बाईंनी स्वतःचा हात वर केला.

"मी बी.ए.ला असताना गणिताच्या पेपरात उलटी केली होती. बाकावर. सगळ्यांच्या देखत. आमचे सर म्हणाले, नाटकं करू नकोस. मी नाटक करत नव्हते, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आपण म्हणतो ना, पोटात गोळा आला? डोक्यात गोळा आला असं कोणी म्हणतं का? भीती बसते कुठे ते आपल्या आज्यांना ठाऊक होतं, विद्यापीठाला अजून कळायचंय. चला, आता हात वर करा."

या वेळी तीस-एक हात वर झाले. बाईंनी मोजले आणि आकडा फळ्यावर लिहिला. "ही आपली पहिली आकडेवारी," म्हणाल्या आणि शिकवायला लागल्या.

तिथून तो पहिला प्रश्न आला. बाईंच्या प्रत्येक चाचणीत, अगदी वीस गुणांच्या अंतर्गत परीक्षेतसुद्धा, पहिला प्रश्न कायम तोच. इंग्रजीत आणि खाली मराठीत : 'आज सकाळी काय खाल्लं? (१ गुण)'. पेपर हातात आला की मूल आधी ते वाचायचं. उत्तर येत नाही असं होणंच शक्य नव्हतं. लिहिता लिहिता पेन चालायला लागायचं आणि मग दुसऱ्या प्रश्नाकडे जायचं. शून्य कोणालाच पडत नसे. 'काही नाही' असं लिहिणाऱ्यालाही पुरा गुण, वर लाल शाईत शेरा : 'उत्तर खरं आहे. उद्या खोटं कर.' बाईंच्या कपाटात राजगिऱ्याच्या चिक्कीचा डबा असायचा. तो कोणासाठी उघडायचा हे त्या पेपरांवरून ठरवत.

ह्या उत्तरांचं त्या पुढे काय करत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सविस्तर सांगतो. चाचणीनंतरच्या तासाला त्यांनी सगळ्या वर्गाची न्याहारी फळ्यावर मांडली. चहा-बिस्किट इतके, चहा-खारी इतके, पोहे, शिळी भाकरी, वडापाव, काही नाही.

"सरासरी काढा," बाई म्हणाल्या.

मुलं गोंधळली. सकपाळ नावाचा एक दांडगा मुलगा होता, तो म्हणाला, "मॅडम, बिस्किटाची नि भाकरीची सरासरी कशी काय काढणार? काहीपन!"

"शाब्बास. नाही निघत. मग ह्या वर्गाबद्दल काय सांगता येईल?"

"जास्ती करून पोरं चहा-बिस्किट खातात."

"जे सगळ्यांत जास्त वेळा येतं, त्याला मोड म्हणायचं. मराठीत बहुलक. तुमचा बहुलक चहा-बिस्किट. सकपाळ, तुला आत्ता संख्याशास्त्र आलं. दुखलं का कुठे?"

वर्ग हसला, सकपाळ कानापर्यंत लाल झाला. मागच्या बाकावर मीही हसलो. त्या दिवशी मला बहुलक जन्मभरासाठी समजला, आणि त्या प्रश्नाचा एक गुण का आहे तेही समजलं. हे दोन्ही मला नीट समजलं होतं, हे लक्षात ठेवावं.

दुसरा एक तास आठवतो. बाईंनी पाच जणांना फूटपट्टी देऊन एकच बाक मोजायला लावलं. पाच जणांची पाच उत्तरं, थोड्या थोड्या फरकाची. बाईंनी विचारलं, "कोण चुकलं?" सगळा वर्ग सवयीने ओरडला, "सकपाळ!"

"सकपाळ, बाकच मोजलंस ना?"

"हो मॅडम."

"नीट मोजलंस?"

"आईशप्पत."

"मग तू चुकला नाहीस. ह्याला म्हणतात एरर, त्रुटी. कितीही नीट मोजा, थोडं इकडेतिकडे होतंच. त्रुटी कोणाचीच नसते, तिची लाज धरायची नाही. पण समजा, तू बाक सोडून टेबल मोजलंस आणि मला सांगितलंस की हे बाकाचं माप. तर ती चूक. ती तुझी. तिची लाज धरायची." मग फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून बाईंनी मधे उभी रेघ मारली.

दर्शना परब ही मुलगी करी रोडची. बोलायला चुणचुणीत, इतर विषयांत बऱ्यापैकी मार्क, आणि संख्याशास्त्राला दोन वेळा केटी. म्हणजे पुढच्या वर्गात बसायची, पण मागच्या वर्षाचा हा एक विषय मानेवर. तो सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला जाता येत नव्हतं. तिच्या घरच्यांनी निक्षून सांगितलं होतं, ह्या खेपेला सुटला तर ठीक, नाहीतर बस झालं कॉलेज. पेपर समोर आला की तिची बोटं कॅल्क्युलेटरवर चालायचीच नाहीत. दोन्ही वेळा तिने जवळजवळ कोरा पेपर दिला होता. आणि घरी वही उघडली की तीच गणितं धडाधड सोडवायची.

बाईंनी तिला सहा महिने आपल्या तासानंतर थांबवून घेतलं. शिकवलं फारसं नाही, नुसत्या परीक्षा घेतल्या. पाच मिनिटांची परीक्षा, दहा मिनिटांची, मग अर्ध्या तासाची. "पोहायला शिकवताना पाण्याबद्दल भाषण देत नाहीत," असं त्या म्हणायच्या. मग केटीची अंतर्गत परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. कोणाचा पेपर कोणाला दाखवायच्या नाहीत त्या. त्या दिवशी दाखवला.

"वाचा, रेगे."

पहिल्या प्रश्नाखाली दर्शनाने लिहिलं होतं : 'काही नाही. भूक नव्हती. आता थोडी लागली आहे.'

"आता लागली आहे," बाईंनी बोट ठेवून पुन्हा वाचलं. "पेपर हातात असताना तिला भूक लागली! कळतंय का तुम्हाला?" चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे भरलेले मी तेवढ्याच वेळी पाहिले. दर्शनाला वीसपैकी आठ होते. आठला पास.

त्याच महिन्यात कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. ती यायची म्हटली की कॉलेजची अवस्था मुलगी दाखवायची असलेल्या घरासारखी होते. सगळं झाकायचं, सगळं पुसायचं. उपप्राचार्य सामंत नवे आलेले. त्यांनी सगळ्या विषयांचे पेपर मागवले आणि मला खोलीत बोलावलं.

"रेगे, हे काय आहे? 'सकाळी काय खाल्लं', एक गुण? हे कॉलेज आहे की बालवाडी? समितीसमोर हा कागद गेला तर शोभा होईल आपली."

मी परीक्षा समितीचा प्रमुख. माझ्या बढतीची फाईल सामंतांच्याच टेबलावर, डाव्या गठ्ठ्यात, वरून दुसरी. मला ती दिसत होती. मी म्हटलं, "बघतो, सर."

चौकशीला सामंत, ग्रंथपाल आणि मी. बाईंना बोलावलं. त्या उभ्याच राहिल्या.

"प्रश्न अभ्यासक्रमातला आहे," म्हणाल्या. "ह्याच उत्तरांवर मी बहुलक शिकवते. जे मोजता येत नाही त्याचं काय करायचं, ते शिकवते. माझ्या शब्दावर नका जाऊ. रेगे मागच्या बाकावर बसलेले होते. विचारा त्यांना."

सामंतांनी माझ्याकडे पाहिलं. ग्रंथपालांनी पाहिलं. बाईंनी मात्र पाहिलं नाही, इतकी त्यांना खात्री होती.

मी म्हटलं, "मी माझ्या तासाची टिपणं चाळत असायचो. माझं तसं लक्ष नव्हतं."

तेव्हा मात्र त्यांनी पाहिलं. पुढचं सगळं सामंतच बोलले.

अहवाल मी लिहिला. भाषा माझी बरी आहे, असा माझा लौकिक. 'प्रश्न क्रमांक एक अभ्यासक्रमाबाहेरील असल्याने त्याचे गुण वगळून गुणतालिकेतील त्रुटी दुरुस्त करण्यात आली आहे.' 'त्रुटी' हा शब्द लिहिताना मी क्षणभर थांबलो होतो. 'चूक' लिहिलं तर ती कोणाची, हा प्रश्न आला असता. त्रुटी कशी, सोज्वळ असते. सूचनाफलकावर तो कागद लागला तेव्हा बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. एका शब्दाखाली बोट धरून बराच वेळ उभ्या होत्या. मी जिन्यावरूनच परत फिरलो.

तो एक गुण गेल्यामुळे चार मुलं पासाच्या खाली आली. त्यातली तिघं पुढे मागे सुटली. दर्शनाचे आठाचे सात झाले. बाईंनी अर्ज केला, तिची फेरपरीक्षा घ्या म्हणून. सामंत म्हणाले, एकीला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. बाई माझ्याकडे आल्या. "रेगे, तुम्ही एक ओळ लिहून द्या. वर्गात होतो, एवढीच." मी पुन्हा म्हटलं, "बघतो." मराठीत ह्याच्याइतका निर्लज्ज शब्द दुसरा नाही. डोळे मिटून घ्यायचे असले की माणूस म्हणतो, बघतो.

महिन्याभराने बाई एका सकाळी स्टाफरूममध्ये आल्या आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "करी रोडला जाऊन आले. दोनदा गेले. परबांची मुलगी कणकवलीला मामाच्या दुकानात बसते आता. आई म्हणाली, मॅडम, तिचं नशीब." मग डबा उघडून त्यांनी खायला सुरुवात केली. त्या दिवसापासून भानोल्याचा डबा फिरला नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत बाईंनी एक गंमत केली. तिला गंमत म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. त्यांचे पेपर दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होऊ लागले. वर चार ओळींची कोरी जागा, आणि मग 'प्रश्न दुसरा'. सामंतांनी बोलावून विचारलं तर म्हणाल्या, "छपाईतली त्रुटी असेल. रेगेंना विचारा, त्यांना कळतं त्यातलं." परीक्षा समितीत ते गठ्ठे माझ्याकडे यायचे. त्या कोऱ्या जागेत मुलं बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहायची : चहा-खारी. भाकरी. काही नाही. एकालाही त्याचा गुण मिळत नव्हता. त्यांना ते कोणी सांगितलं, वरच्या वर्गातल्या मुलांनी की आणखी कोणी, मला माहीत नाही. मी गठ्ठा बांधून ठेवायचो.

मला बढती मिळाली. बाई निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ नको म्हणाल्या, म्हणून समारंभ झाला नाही, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. चार-पाच महिन्यांत निळ्या खोलीचं उद्घाटन झालं. बाईंना बोलवावं असं कोणालाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण मी बोललो नाही. बोललो नाही, ह्या दोन शब्दांत माझं चरित्र आटपतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गिरगावात. चष्मा करायला टाकला होता, तो आणायला सकाळीच गेलो होतो. दुकान उघडायला वेळ होता म्हणून शेजारच्या खानावळीत शिरलो. पोहे सांगितले आणि मान वर केली तर काउंटरपाशी तळपदे बाई. हातात पुडकं बांधून घेतलेलं. केस पांढरे झाले होते, घड्याळ अजून उजव्या हाताला आणि तबकडी आतच. मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करतील. त्या सरळ येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या.

"काय खाताय?"

"पोहे सांगितलेत. आले नाहीत अजून."

"घरून काही खाऊन नाही निघालात?"

"नाही."

"हं," म्हणाल्या. तब्येत कशी आहे, गुडघे कसे आहेत, एवढं माझ्याकडून विचारून झालं. त्यांनी कॉलेजबद्दल काही विचारलं नाही. मग मला राहवलं नाही. माझ्या पोटात गोळा आला होता, खरोखरीचा, हाताला लागेल असा.

"बाई, त्या दर्शनाच्या बाबतीत… तो अहवाल… माझ्याकडून तेव्हा एक त्रुटी—"

बाईंनी बोट वर केलं. वर्गात करायच्या तसंच.

"इतक्या वर्षांनी परत तोच शब्द?" आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही मागच्या बाकावर होतात, सर. ऐकलं होतंत."

मला त्या कायम 'रेगे' म्हणत. 'सर' त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या. त्या सामंतांना सर म्हणायच्या.

पुडकं उचलून त्या उठल्या. दाराशी पायरी होती, तिथे चौकट धरून जरा थांबल्या, मग उतरल्या आणि ठाकुरद्वारच्या दिशेने चालू लागल्या. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो. तोवर पोहे आले होते. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत मी म्हटलं, "चूक. चूक झाली माझी." मोठ्याने म्हटलं असणार, कारण वेटर वळून परत आला. त्याने माझ्या ताटलीकडे पाहिलं.

"चुकून सांगितलं का, साहेब? बदलून देऊ?"

"नाही," मी म्हटलं. "आता नाही बदलता येत."